एवढं ओवून द्या

मशीन बायकोसाठी आलं होतं, हे आधीच कबूल करतो. मुलाने आईच्या वाढदिवसाला मागवलं, खोक्यावर नावही तिचंच होतं. पण खोक्याची चिकटपट्टी कापायला कात्री उचलली ती मी. "आधी मी यंत्र नीट समजून घेतो, मग तू वापर," असं मी तिला म्हणालो. पिंपरीच्या एका कारखान्यात, मशीन शॉपमध्ये, पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय येणार? आमच्या घरात आलेल्या प्रत्येक यंत्राला माझ्या या समजून घेण्यातून जावं लागलं आहे. काही त्यातून वाचली.

बायको "बरं" म्हणाली आणि डाळिंब्या सोलायला बसली. म्हणजे इथल्या भाषेत हितकिद अवरेबेळे. आम्ही बंगळुरूला मुलाकडे, मल्लेश्वरमात, राहायला येऊन चार वर्षं झाली. डिसेंबर लागला की हे अख्खं शहर अवरेकाईच्या शेंगांनी वेडं होतं. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून सालातून पुचुक करून बाहेर काढायचा. बिरड्यासाठी वाल सोलण्यात हयात गेलेल्या बाईला हे शहर परकं वाटलंच नाही. पुढचे पाच दिवस मी मशीनशी झुंजत होतो आणि पाठीमागे पुचुक, पुचुक असा आवाज येत होता. तो फक्त डाळिंब्यांचा होता असं मी धरून चाललो.

माहितीपुस्तिकेची पहिली काही पानं विजेचा धक्का बसून तुम्ही मरू नये या सदिच्छेला वाहिलेली होती. त्यानंतर दोरा ओवण्याचा नकाशा. दोऱ्याने रिळाच्या खुंटीवरून निघायचं, वरच्या कडीतून वळायचं, उजवीकडच्या खिंडीत उतरायचं, तळाशी वळसा घालून डावीकडून पुन्हा वर चढायचं, तिथे वर-खाली डोलणारी एक धातूची दांडी असते तिच्या नाकातून जायचं, परत खाली यायचं, सुईच्या मानेपाशी असलेल्या बारीक तारेमागे दडायचं आणि मग नेढ्यात शिरायचं. आठ मुक्काम, प्रत्येकाला नंबर. आळंदीहून निघालेली पालखीही इतकी उलटसुलट फिरत नाही. शिवाय वाखरीला पोचल्यावर "मधला एक मुक्काम राहिला" म्हणून तिला कोणी परत आळंदीला धाडत नाही. मला मात्र सातव्या मुक्कामावरून चार वेळा परत जावं लागलं. दर वेळी तो तिसरा, खिंडीतला मुक्काम हुकलेला असायचा, किंवा हुकलाय असं वाटायचं.

आता नेढ्याविषयी. सुईच्या भोकाला आपल्याकडे नेढं म्हणतात, आणि डोंगराच्या आरपार पडलेल्या भोकालाही नेढंच. कॉलेजात असताना मी राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसून भेळ खाल्ली आहे. रतनगडाच्या नेढ्यातला भणाणता वाराही अंगावर घेतला आहे. एवढ्या अनुभवावर सुईचं नेढं म्हणजे किस झाड की पत्ती असं मला वाटलं होतं. सुईवर १४ नंबर होता, म्हणजे जाडी ०.९ मिलिमीटर. नेढं त्याहून लहान, हे ओघानेच आलं. मी व्हर्नियर कॅलिपर काढला. "दोरा मोजून आत जाणार आहे का?" असं बायकोने विचारलं. एवढं एकच वाक्य त्या दिवशी ती बोलली. पुचुक.

मशीनला एक छोटासा आकडा होता. दांडी दाबली की तो नेढ्यात शिरतो, दोरा पकडतो आणि ओढून मागे आणतो. डोळे गेलेल्यांची केवढी सोय! सुई पूर्ण वर असतानाच ती दांडी दाबायची असते. मी ती सुई अर्ध्यात असताना दाबली. आकडा वाकला, आणि ओवण्याचं काम माझ्या दुभागी चष्म्यावर येऊन पडलं.

मग मी आजीचा मार्ग धरला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, चिमटीत टोकदार करायचं, श्वास रोखायचा. लहानपणी घरातल्या सगळ्या सुया मीच ओवायचो. आजी माजघरातून हाक मारायची, "अरे, एवढं ओवून दे रे!" एका सुईची मजुरी एक लिमलेटची गोळी. आजी शहाणी होती, वावभर दोरा ओवून घ्यायची. मी वीतभरच ओवायचो. म्हणजे लवकर संपतो आणि पुढची गोळी मिळते. त्या वयात मला सुईचं नेढं दरवाज्याएवढं दिसायचं. आता चष्म्याच्या वरच्या भागातून बघितलं तर सुई धूसर, खालच्या भागातून बघितलं तर दोरा दुहेरी. सव्वा तासाने दोरा गेला. मी उभा राहिलो. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

बॉबिनने मात्र मला माझ्या जगात परत आणलं. छोटी चकती, तिच्यावर गुंडाळलेला दोरा, तिला बसायला डबी, डबीच्या कुशीवर पातळ पट्टी. दोरा धरून डबी लोंबकळत ठेवायची, हिसका द्यायचा. ती इंचभर घसरून थांबली की ताण बरोबर. किती सुंदर चाचणी! मी ती वीस-पंचवीस वेळा केली. मग वरचा दोरा डाव्या हातात धरून चाक आपल्याकडे फिरवायचं, सुई खाली जाते आणि वर येताना खालच्या दोऱ्याचं वेटोळं घेऊन येते. ते पाहून मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत एवढी आज्ञाधारक वस्तू हाताखाली आली नव्हती.

जुन्या धोतराचा तुकडा घेतला, पाय सोडला, पायाखालची कळ दाबली. गाडीचा क्लच दाबावा तशी दाबली. टर्रर्र झालं, कापड पुढे पळालं आणि हातभर अंतरावर मशीन घुसमटून थांबलं. वरून टीप पाहिली तर बरी दिसत होती. कापड उलटं केलं तर खाली कावळ्याचं घरटं. दोऱ्याचा एवढा गुंता की त्यात अंडी घालायला जागा होती.

गुंता खाली, म्हणजे दोष खालचा. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मी बॉबिन काढली, डबी काढली, तिच्यामागचा आकडेवाला गोल काढला, पुसला, तेल दिलं, परत बसवला. घरटं. डबीचा स्क्रू पाव फेरा आवळला. घरटं. अर्धा फेरा सैल केला. घरटं, या वेळी जरा ऐसपैस. वर शून्य ते नऊ आकड्यांची एक चकती होती, तिच्यावर 'टेन्शन' लिहिलेलं. सूनबाई ऑफिसातून रात्री नऊला आली, तिने चकतीकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे असं कमी-जास्त करता येतं?" मी ते चारवरून नऊवर नेलं. दोरा तुटला नाही, गुंता सुटला नाही. इथेच माझ्या इंजिनिअरच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. नऊवर नेऊनही काहीच फरक पडत नाही, याचा अर्थ दोरा त्या चकतीच्या हुकमतीत नाहीच. पण माझं लक्ष खाली होतं.

रात्री झोप येईना, म्हणून शिवणयंत्राचा इतिहास वाचत पडलो. हातसुईला नेढं बुडाशी असतं. एलियस होव या अमेरिकन माणसाने १८४६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्यात नेढं टोकाशी होतं. सुई बुडी मारते, वर येताना दोरा मागे किंचित फुगतो, त्या फुगवट्यात खालचा दोरा ओवला जातो. शिवणाची सगळी करामत त्या क्षणभराच्या फुगवट्यात आहे. त्याआधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने यंत्रं बनवून पॅरिसला सैन्याचे गणवेश शिवायला घेतले होते, तर १८३१ साली बाकीच्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून ती फोडून टाकली. इतिहासात ही घटना यंत्रविरोधी दंगल म्हणून नोंदलेली आहे. माझा वेगळा संशय आहे. त्यांना बहुतेक आधी ती ओवायला सांगितली असावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला ऐकवलं, की १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी बोलताना गांधीजींनी यंत्रांवर टीका करूनसुद्धा सिंगरच्या शिवणयंत्राला सूट दिली होती. सिंगरने बायकोचे कष्ट बघून प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले होते.

"कुठल्या बायकोचे?" तिने विचारलं.

तिला कुठून कळलं कोण जाणे. सिंगरसाहेबांचे संसार अनेक होते आणि मुलं वीसच्या वर. एवढ्यांचे कपडे शिवायचे म्हटल्यावर १८५१ साली पेटंट घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, असंही म्हणता येईल.

आता शिकवणी लावायची असं ठरवलं. बायकोला विचारणं हा एक मार्ग होता. तिच्या माहेरी, मिरजेला, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन होतं आणि आमच्या मुलाची झबली-टोपडी तिनेच शिवली होती. पण ते जुनं मशीन. त्यात दोरा बाजूने ओवायचा, यात समोरून. तिला हे कुठून जमणार? मी बाहेर पडलो. शिवणाला कन्नडमध्ये होलिगे म्हणतात, हे मी कोशात बघून ठेवलं होतं. पण मराठी माणसाला जिभेवर ळ आला की तो सोडवत नाही. आठव्या क्रॉसच्या कोपऱ्यावर मी तीन जणांना ऐटीत विचारलं, "होळिगे एल्लि?" तिघांनीही न गोंधळता एकाच दिशेला बोट दाखवलं. चौकशी इतकी सोपी असते याचं नवल वाटत मी चालत गेलो आणि पोचलो एका पुरणपोळीच्या दुकानात. होलिगे म्हणजे शिवण. होळिगे म्हणजे पुरणपोळी. मधे एक ल आणि थोडा ओ. तव्यावरून एक नारळाची उतरत होती, एक डाळीची. दोन तिथेच खाल्ल्या आणि चार बांधून घेतल्या.

"क्लासची फी भरलीत वाटतं," पुडा उघडून बायको म्हणाली. "परवा साखर तपासायची आहे, आठवतंय ना?"

मग चिकपेट. शेजारच्यांनी सांगितलं, तिथल्या एका गल्लीत एक म्हातारे शिंपी आहेत आणि ते मराठी बोलतात. बंगळुरूच्या जुन्या पेठांमध्ये मराठी ऐकू आली तर दचकू नये. हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीतलं; पुढे १६८७ साली तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेलं. आज तेवढ्यात मल्लेश्वरमात एक न्हाणीघर येणार नाही. नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेर कन्नड, घरात मराठी, देव्हाऱ्यात विठोबा.

सहा किलोचं मशीन पिशवीत घालून मी संपिगे रोडला मेट्रोत शिरलो. तपासणीच्या यंत्रातून पिशवी जाताना पडद्यावर काय दिसलं असेल ते असो, सुरक्षारक्षकाने सहकाऱ्याला बोलावलं, मग दोघांनी मला. मी म्हणालो, "होळिगे मशीन." दोघांचे चेहरे उजळले. एकाने हाताने लाटल्यासारखं करून विचारलं, "होळिगे माडो मशीना, सार?" पोळ्या करायचं यंत्र! त्यांचा आनंद मला मोडवेना. मी हो म्हणालो.

शिंपीकाका पंचाहत्तरीचे असावेत. मशीनच्या वर पांडुरंगाची तसबीर, गळ्यात मोजपट्टी. "तुमी पुण्याकडचं काय? बसा की." मी आतापर्यंतची कर्मकथा ऐकवली. ते माझ्याकडे बघत ऐकत होते, अधूनमधून "अय्यो" म्हणत होते आणि त्याच वेळी त्यांचे हात माझ्या मशीनवरून काहीतरी करत होते. माझं वाक्य संपायच्या आत मशीन ओवून झालं होतं. चार सेकंद. कापड सरकवलं, टीप मारली. वर मोत्यासारखी, खालीही मोत्यासारखी.

"काका, जरा हळू करून दाखवा ना."

त्यांनी दोरा काढला आणि हळू करायला घेतलं. रिळावरून कडीत आले. खिंडीपाशी बोट थांबलं. डोकं खाजवलं. परत रिळाकडे गेले. पुन्हा कडी. साठ वर्षं शिवत असलेला माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच विचार करत होता, आणि विचार करताच चुकत होता. "अय्यो, बोलू नका हो. बोललं की जात नाही," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघायचं थांबवून रस्त्यावरच्या टेम्पोवाल्याला एक शिवी हासडली, आणि ती देता देता हातांनी मशीन ओवून टाकलं. पैसे घेतले नाहीत. पंढरपूरला गर्दी फार वाढली का, एवढं विचारलं. नामदेव महाराजही शिंपीच. त्यांना विठ्ठल भेटला.

घरी येऊन त्या ओवलेल्या मशीनवर मी दोन मीटर सरळ टीप मारली. बायकोला दाखवली. मग समजून घेण्यासाठी दोरा काढला आणि तंतोतंत तसाच पुन्हा ओवला.

घरटं.

पाचवा दिवस. मी मशीनसमोर, मांडीवर डबी, दातांत स्क्रू. कामवाल्या बाई फरशी पुसत होत्या. पाच दिवस त्या माझ्या खुर्चीभोवतीचा भाग न पुसता सोडून देत होत्या, सार काहीतरी दुरुस्त करतायत म्हणून. त्या दिवशी त्या जवळ आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "सार, फूट एत्ति."

एत्ति म्हणजे उचला, एवढं कन्नड मला येतं. मी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

त्या पुसेनात. "सार, फूट. फूट एत्ति."

मी पाय आणखी वर घेतले. आता मी खुर्चीवर उकिडवा बसलो होतो, दातांत स्क्रू होता. त्या हसू दाबत म्हणाल्या, "निम्म फूट अल्ला सार." तुमचा नव्हे. ओला हात पदराला पुसून त्यांनी मशीनच्या मागची बारीक दांडी वर केली. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय टक्कन वर उचलला गेला. मग दोरा घेतला आणि ओवला. टीप मारली. वर मोती, खाली मोती.

इतकंच होतं. ताण देणाऱ्या दोन चकत्या असतात, मशीनच्या पोटात. पाय खाली असला की त्या एकमेकींना घट्ट मिटून बसतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, वरच्या वर घसरतो. पाय उचलला की चकत्या उघडतात, दोरा आत बसतो, पाय सोडला की धरला जातो. मी दर वेळी पाय खाली ठेवून ओवत होतो. वरचा दोरा मोकाट, आणि मोकाट दोऱ्याचं घरटं खाली. पाच दिवस मी निरपराध बॉबिनचा छळ केला. शिंपीकाकांचा हात पाय उचलत होताच, पण तो कधी उचलतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुस्तिकेत मी शोधलं. होतं. नकाशाच्या आधीच्या पानावर, एका ओळीत. नकाशा समोर असताना आधीचं पान कोण वाचतं?

बाई अकरा वर्षं 'गारमेंट्स'ला होत्या, पीण्या भागातल्या एका कारखान्यात. तासाला अमुक इतके शर्ट, एकीने फक्त कॉलर, दुसरीने फक्त बाही. दोरा तुटला तर हात उचलेपर्यंत सुपरवायझर डोक्यावर, त्यामुळे ओवायला किती वेळ लागतो हा प्रश्नच त्यांना कळला नाही. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर सरकारने बंधन आणलं तेव्हा या शहरातल्या हजारो गारमेंट कामगार बायका रस्त्यावर आल्या, आणि दोन दिवसांत केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला. त्यात त्याही होत्या. "मग पाच दिवस बोलला का नाहीत?" असं मी बायकोमार्फत विचारलं. बायकोने कन्नडमधून काहीतरी लांबलचक विचारलं, मग दोघी बराच वेळ हसल्या. मला भाषांतर मिळालं ते असं: "त्या म्हणतात, तुम्ही विचारलं नाही."

"आणि तुला?" मी म्हणालो. "तुला माहीत होतं पायाचं?"

"हो. आमच्या मिरजेच्या मशीनलाही पाय होताच की."

"मग?"

"तुम्हीच म्हणालात ना, आधी समजून घेऊ दे."

पुचुक.

आता मशीन तिच्या ताब्यात आहे. जुन्या साड्यांच्या पिशव्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले, खालच्या मजल्यावरच्या आंटींच्या चार साड्यांना फॉल लागला. बाई दुपारी जाताना अर्धा तास बसतात, दोघींचं कन्नडमधून काहीतरी चालतं, आणि पुरणपोळी हा शब्द मला अधूनमधून ऐकू येतो. वाकलेला आकडा अजून वाकलेलाच आहे. तो सरळ करायला मी पक्कड घेतली होती, पण ती माझ्या हातातून काढून घेण्यात आली. त्यामुळे नेढ्याचं काम माझ्याकडे आहे. महिन्याभराच्या सरावाने मला वीस सेकंदांत जमतं, फक्त मधे कोणी बोलायचं नाही.

"अहो," तिची हाक येते, "एवढं ओवून द्या."

मी पाय उचलतो. आधी मशीनचा. दोरा ओठांत ओला करतो, ओवतो. ती शिवणाच्या डब्यातून लिमलेटची गोळी काढते आणि सुपारीच्या अडकित्त्याने तिचे दोन तुकडे करते. साखरेमुळे मला अर्धीच मिळते.